शब्दांचा शेजार

अकरावीत असताना मी इंग्रजीच्या वहीत आजोबांवर एक निबंध लिहिला होता. आजोबा एकदा ठरवले की मागे हटत नसत, एवढेच मला सांगायचे होते. 'फर्म' हा शब्द मला येत होता, पण तो फारच साधा वाटला. तेव्हा माझ्याकडे समानार्थी शब्दांचे एक स्वस्त गाइड होते. त्यात 'फर्म'च्या पुढे एका ओळीत सात-आठ शब्द होते आणि त्यांतला 'ऑब्स्टिनेट' मला सगळ्यांत भारदस्त वाटला. मी तो टाकला. वही परत आली तेव्हा त्या शब्दाभोवती लाल गोल होता. बाईंनी मला जवळ बोलावून विचारले, "अगं, तुझे आजोबा हट्टी होते का गं?"

वर्ग हसला. मला राग आला तो गाइडाचा. त्याने दोन्ही शब्द एकाच ओळीत दिले होते, आणि एकाच ओळीत आहेत म्हणजे एकमेकांच्या जागी चालतील, अशी माझी समजूत होती. पुढे मी स्वतः तीसएक वर्षे इंग्रजी शिकवले आणि हीच चूक शेकडो वह्यांत पाहिली. निवृत्तीनंतर एक प्रश्न मनात घर करून राहिला. समानार्थी शब्दांची ही ओळ आली कुठून? ती मुळात कोणासाठी होती? या प्रश्नामागे जाताना जे सापडले ते इथे मांडते आहे.

*

गोष्ट इंग्लंडमध्ये नव्हे, फ्रान्समध्ये सुरू होते. १७१८ साली गाब्रिएल जिरार नावाच्या एका धर्मगुरूने फ्रेंच भाषेच्या नेमकेपणावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्यांना आपण समानार्थी म्हणतो ते शब्द खरोखर समान नसतात. त्यांचा मुख्य अर्थ एक असला तरी प्रत्येकाला स्वतःचा असा काही वेगळा रंग असतो. लेखकाचे कसब तो रंग ओळखण्यात असते. म्हणजे समानार्थी शब्दांचा युरोपातला हा गाजलेला ग्रंथ मुळात शब्दांतला फरक सांगण्यासाठी लिहिला गेला होता, सारखेपणा सांगण्यासाठी नव्हे.

१७६६ साली जॉन ट्रस्लर याने जिरारच्या धर्तीवर इंग्रजी पुस्तक काढले. त्याच्या नावातच 'समानार्थी समजल्या जाणाऱ्या शब्दांतील फरक' असे शब्द आहेत. 'समजल्या जाणाऱ्या' हे महत्त्वाचे. शब्द समानार्थी आहेत असे तो म्हणत नाही, लोक तसे समजतात असे म्हणतो.

मग १७९४ साली लंडनमध्ये 'ब्रिटिश सिनॉनिमी' हे दोन खंडांचे पुस्तक आले. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती त्याची लेखिका, हेस्टर लिंच पिओझी. आधीच्या आडनावाने, म्हणजे श्रीमती थ्रेल म्हणून, ती इंग्रजी साहित्याच्या वाचकांना अधिक परिचित आहे. १७५५च्या प्रसिद्ध इंग्रजी कोशाचा कर्ता डॉ. सॅम्युएल जॉन्सन तिच्या घरी वर्षानुवर्षे घरच्यासारखा वावरला. पहिला नवरा वारल्यावर १७८४ साली तिने गाब्रिएल पिओझी या इटालियन गायकाशी लग्न केले. परदेशी, कॅथलिक आणि वर संगीतशिक्षक! लंडनच्या प्रतिष्ठितांना ते अजिबात रुचले नाही. जॉन्सनने रागाने पत्र लिहिले, मैत्री तुटली, आणि त्याच वर्षाअखेर तो वारला.

त्यानंतर दहा वर्षांनी आलेल्या या पुस्तकाचे उपशीर्षक सांगते की, हा घरगुती संभाषणातली शब्दांची निवड नीट करण्याचा प्रयत्न आहे. प्रस्तावनेत परदेशी माणसांच्या अडचणी दूर करण्याची इच्छा तिने बोलून दाखवली आहे. पुस्तकी लेखन कसे करावे हे पुरुष शिकवतात, पण बोलण्यात कोणता शब्द कुठे शोभतो हे सांगायला एखादी बाई सवयीने पात्र ठरू शकते, अशा आशयाचे नम्र पण ठाम विधानही तिथे आहे. इंग्रजी घरात इटालियन नवरा वावरत असताना बोलण्यातले कोणते प्रश्न उठत असतील, याची कल्पना ज्या घरात परभाषेची सून किंवा जावई आहे त्यांना सहज येईल. व्याकरण बरोबर असते, अर्थही बरोबर असतो, तरी शब्द ऐकून सगळे एकमेकांकडे बघतात.

पिओझीच्या पुस्तकात याद्या नाहीत. काही जवळचे शब्द ती एकत्र घेते आणि त्यांवर गप्पा माराव्यात तसे लिहिते. कोण हा शब्द कोणाला उद्देशून म्हणेल, कुठे तो हास्यास्पद होईल, कुठे मन दुखावेल, हे प्रसंगांतून सांगते. तिच्या काळातल्या विद्वानांनी या गप्पांना फारसे वजन दिले नाही. मला मात्र वाटते की, परक्याला जे हवे असते ते नेमके हेच.

*

पुढच्या पिढीत हे काम अधिक शिस्तीचे झाले. १८१६ साली जॉर्ज क्रॅब या कायदेपंडिताने इंग्रजी समानार्थी शब्दांचा मोठा ग्रंथ काढला. शब्द वर्णानुक्रमाने, प्रत्येक गटाखाली व्युत्पत्ती, फरकाचे विवेचन आणि साहित्यातली उदाहरणे. १८५१ साली एलिझाबेथ जेन व्हेटली या तरुणीचे निवडक समानार्थी शब्दांवरचे छोटे, नेटके पुस्तक आले, पण ते बराच काळ तिच्या वडिलांच्या, डब्लिनचे आर्चबिशप रिचर्ड व्हेटली यांच्या, नावानेच ओळखले गेले.

पद्धती वेगळ्या असल्या तरी या सर्वांचा धर्म एकच होता. दोन शब्द शेजारी ठेवायचे ते त्यांच्यातली भिंत दाखवण्यासाठी. आणि मग १८५२ साल उजाडले.

*

पीटर मार्क रॉजेट हा पेशाने डॉक्टर. जन्म १७७९ चा, लंडनचा, पण वडील जिनीव्हाहून आलेले फ्रेंच भाषक पाद्री. तो चार वर्षांचा असताना ते क्षयाने गेले. एकोणिसाव्या वर्षी त्याने एडिंबरोहून वैद्यकाची पदवी घेतली. १८०३ साली तो एका धनिकाच्या दोन मुलांना घेऊन युरोपच्या प्रवासाला गेला असता इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटले आणि जिनीव्हात तो अडकला. वडील मूळचे तिथले, हे सिद्ध करून त्याने कशीबशी सुटका करून घेतली. इंग्रजीचा जगप्रसिद्ध शब्दसंग्रह करणाऱ्या माणसाला एकदा आपण इंग्रज नाही असे पटवून जीव वाचवावा लागला, ही गंमत मला विसरता येत नाही.

१८०५ साली, मँचेस्टरला असताना, त्याने स्वतःच्या लेखनाच्या सोयीसाठी विषयवार शब्दांची एक वही केली. ती जवळजवळ पन्नास वर्षे त्याच्या हाताशी राहिली. दरम्यान त्याने विशेष प्रकारची गणनपट्टी तयार केली, फिरत्या चाकाच्या आऱ्यांमुळे होणाऱ्या दृष्टिभ्रमावर निबंध लिहिला, रॉयल सोसायटीचे सचिवपद वीसेक वर्षे सांभाळले. निवृत्त झाल्यावर त्या जुन्या वहीचा ग्रंथ केला आणि वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी 'थिसॉरस' प्रसिद्ध झाला. थिसॉरस म्हणजे खजिना.

त्याची रचना अपूर्व होती. साऱ्या कल्पनासृष्टीचे त्याने सहा वर्ग केले: अमूर्त संबंध, अवकाश, द्रव्य, बुद्धी, इच्छा आणि भावना. त्यांचे पोटविभाग पाडत त्याने एक हजार क्रमांकित शीर्षके केली आणि प्रत्येकाखाली शब्द आणि वाक्प्रचार ओतले. कोशात आपण शब्द घेऊन अर्थ शोधायला जातो. इथे अर्थ मनात असतो आणि शब्द शोधायचा असतो.

पण प्रस्तावनेत रॉजेटने दोन गोष्टी स्पष्ट सांगून ठेवल्या आहेत, आणि त्याच पुढे सर्वांत कमी वाचल्या गेल्या. पहिली अशी की, शब्दांचे अर्थ सांगणे हा या ग्रंथाचा हेतू नाही. ते वाचकाला आधीच ठाऊक आहेत असे तो धरून चालतो. दुसरी अशी की, समानार्थी वाटणाऱ्या शब्दांतले फरक तपासणे हे वेगळे शास्त्र आहे. त्याला एक आयुष्य लागेल, आणि त्यात आपण शिरलेलो नाही.

म्हणजे हा खजिना ज्याच्या घरात नाणी आहेतच, फक्त ऐन वेळी हाताला लागत नाहीत, त्याच्यासाठी होता. ज्याला नाणे खरे की खोटे हेच कळत नाही त्याच्यासाठी नव्हता. स्लेंडर, लीन, गॉन्ट हे शब्द त्यात एकाच शीर्षकाखाली दिसतात. मराठीत कोणी 'सडपातळ, लुकडा, हडकुळा, कृश' असे एका ओळीत लिहिले तर आपण गोंधळणार नाही. मुलगी दाखवताना मध्यस्थ 'सडपातळ' म्हणेल, 'हडकुळी' म्हणणार नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण मराठी नव्याने शिकणाऱ्या माणसाच्या हातात तीच ओळ दिली तर?

न्यायासाठी हेही सांगायला हवे की माझ्या आजोबांच्या बाबतीत रॉजेट निर्दोष आहे. मी त्याचा ग्रंथ पुढे पाहिला तेव्हा निर्धार ६०४ क्रमांकाखाली होता आणि हट्ट ६०६ खाली. दोघांच्या मध्ये ६०५ वर धरसोड वृत्ती. त्याने भिंत बांधली होती. ती पाडून सगळे एका खोलीत कोंबले ते गाइडवाल्यांनी.

*

याच प्रस्तावनेत मराठी वाचकाला दचकवणारी एक तळटीप आहे. आपल्याआधी कल्पनांनुसार शब्दांची मांडणी कोणी केली, हे सांगताना रॉजेट सर्वांत पहिले नाव घेतो ते आपल्या अमरकोशाचे. हेन्री कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर १८०८ साली श्रीरामपूरला छापले गेले होते, ते त्याच्या पाहण्यात आले होते. नैसर्गिक वस्तूंच्या, म्हणजे पृथ्वी, नगरे, वनस्पती, प्राणी यांच्या वर्गांचे तो कौतुक करतो. पण एकूण मांडणी त्याला फार विस्कळीत वाटते. पहिल्याच वर्गात स्वर्ग, देव, दानव, अग्नी, वायू, वेग, सातत्य आणि 'पुष्कळ' हे सगळे एकत्र कसे, असा त्याचा आक्षेप आहे.

मी अमरकोश काढून तो भाग पाहिला. स्वर्गवर्गात देवांची नावे येतात, त्यांत अग्नी आणि वायू हे देव म्हणून येतात. वायूच्या नावांनंतर वेगाचे शब्द येतात: रंहस्, तरस्, रय, जव. वेगानंतर शीघ्र, त्वरित, क्षिप्र. मग न थांबता चालणारे ते सतत, अनारत. आणि त्यानंतर अतिशय, भर. वारा, वाऱ्याचा वेग, वेगाची घाई, घाईचे सातत्य, सातत्यातून होणारा अतिरेक. रॉजेटला जो पसारा वाटला तो मला तरी पाठ म्हणणाऱ्याच्या मनाचा ओघ वाटतो. अमरकोश कपाटात ठेवण्यासाठी नव्हता, पाठशाळेत बसून तोंडपाठ करण्यासाठी होता. एक शब्द दुसऱ्याला हाक मारतो, तिसरा आपोआप येतो.

दोन्ही मांडण्यांत शब्दांना शेजार दिलेला आहे, पण शेजार वेगळा आहे. एका भाषेत जे शब्द भिंतीला भिंत लावून राहतात ते दुसऱ्या भाषेत दोन गावांत असू शकतात. रॉजेटसारख्या बुद्धिमान माणसालाही परक्या कोशात वाऱ्याच्या शेजारी वेग का राहतो हे दिसले नाही. मग अकरावीतल्या मुलीला इंग्रजी शब्दांचा शेजार दिसला नाही, यात नवल ते काय!

विरुद्धार्थी शब्दांचे तसेच. रॉजेटने एकमेकांविरुद्ध कल्पना पानावर समोरासमोर दोन स्तंभांत छापल्या. आपल्या वहीतले 'विरुद्धार्थी शब्द लिहा' हे दोन रकाने त्याच जातीचे. पण त्याने हेही नोंदवले की विरोध नेहमी जोडीने येत नाही. भूत आणि भविष्य यांच्यामध्ये वर्तमान असतो. शिवाय एकाच शब्दाला दोन विरुद्ध शब्द असू शकतात: 'ओल्ड'च्या समोर 'न्यू' येतो, तसा 'यंग'ही येतो. मराठीत जुन्याच्या समोर नवा आणि म्हाताऱ्याच्या समोर तरुण. आपण दोन शब्द वापरतो म्हणून आपल्याला घोटाळा दिसत नाही. इंग्रजी शिकताना मात्र तोच घोटाळा पदोपदी भेटतो, आणि परीक्षेतल्या रकान्यात उत्तराला एकच जागा असते.

*

रॉजेट १८६९ साली, नव्वदाव्या वर्षी वारला. त्याच्या हयातीतच ग्रंथ पुन्हा पुन्हा छापला गेला. पुढे मुलाने आणि नातवाने तो वाढवला. १९२० नंतर शब्दकोड्यांची लाट आली तेव्हा त्याचा खप आणखी वाढला. वर्णानुक्रमाने लावलेल्या, आटोपशीर आवृत्त्या निघाल्या. त्यांत सहा वर्ग गेले, शीर्षके गेली, प्रस्तावना गेली. उरली ती ओळ.

अमेरिकेत शब्दसंग्रह हा उन्नतीचा मार्ग ठरला. 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये १९४५ पासून विल्फ्रेड फंक यांचे शब्दसामर्थ्याचे सदर सुरू झाले. १९४९ साली नॉर्मन लुईस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' आले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात आजही स्पर्धा परीक्षेची मुले ते मागतात. लुईसबद्दल माझी तक्रार नाही. तो धातू, उपसर्ग सांगतो, शब्दांवर बोलतो, सराव करून घेतो. पण मुलांच्या हाती बहुधा त्याचे सार काढलेल्या याद्याच पडतात.

आपल्याकडे ही ओळ एका विशेष कारणाने रुजली असे मला वाटते. पाठांतराची परंपरा आपल्याला होतीच. परीक्षेला मोजता येईल असे ज्ञान हवे होते. एका शब्दाला पाच समानार्थी शब्द, प्रत्येकाला अर्धा गुण. शब्द कोणी, कोणाला, कोणत्या सुरात म्हणायचा, याला गुण कसे देणार?

*

पिओझीचा धागा मात्र पूर्ण तुटला नव्हता. तो पुन्हा उचलला गेला तो इंग्लंडबाहेर, परक्यांच्या वर्गात.

मायकेल वेस्ट हे ढाक्यात शिक्षणखात्यात होते. बंगाली मुले इंग्रजी वाचताना कुठे अडतात हे पाहून त्यांनी १९३५ साली, जे. जी. एंडिकॉट यांच्यासह, एक कोश केला. त्यात सुमारे चोवीस हजार शब्द आणि वाक्प्रचारांचे अर्थ केवळ १,४९० सोप्या शब्दांत सांगितले होते. अर्थ कळण्यासाठी आणखी अवघड शब्द शोधावा लागू नये, हा त्यातला विचार.

हॅरल्ड पामर १९२२ साली टोकियोला गेले. कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या संगतीने येतो याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९३३ साली त्या जोड्यांचा अहवाल काढला. आपण 'चहा करतो' पण 'औषध घेतो', 'शपथ घेतो' पण 'शपथ खातो'ही. हे कोणत्याही समानार्थी यादीत सापडणार नाही.

त्यांचेच काम पुढे नेले ए. एस. हॉर्नबी यांनी. हॉर्नबी, गेटनबी आणि वेकफील्ड या तिघांचा कोश १९४२ साली टोकियोत प्रसिद्ध झाला. त्याआधीच जपान युद्धात उतरले होते आणि हॉर्नबींना नजरकैद सोसावी लागली होती. कैद्यांच्या अदलाबदलीत ते मायदेशी परतले. १९४८ साली ऑक्सफर्डने तोच कोश पुन्हा छापला. आपल्या घराघरांत असलेल्या ऑक्सफर्डच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी'चा हा पूर्वज. त्याच्या मूळ नावातच 'इडिओमॅटिक' हा शब्द होता. क्रियापद वाक्यात कसे बसते, नाम मोजता येते की नाही, शब्द कोणत्या वाक्यात शोभतो, हे त्यात होते. भाषेत जन्मलेल्या माणसाला जे सांगण्याची गरजच नसते, ते सर्व.

लंडनच्या दिवाणखान्यातल्या बाईने आपल्या परदेशी नवऱ्यासारख्यांसाठी जे केले, तेच दीडशे वर्षांनी ढाका आणि टोकियोच्या वर्गांतून नव्याने उभे राहिले. वाचकांपैकी कोणाच्या घरी मूल इंग्रजी शिकत असेल, तर माझे एवढेच सांगणे आहे की, यादीतला शब्द त्याला जरूर शिकू द्या, पण तो ज्या वाक्यात राहतो त्या वाक्यासकट. वर्गात मी शेवटी शेवटी हेच करू लागले. नवा शब्द आला की आधी विचारायचे, हा शब्द तुझ्याबद्दल कोणी वापरला तर तुला आवडेल का? मुले हसत, आणि त्यांना फरक कळे.

बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमात गमतीने एक क्रियापद चालवून दाखवले होते. एकच स्वभाव 'मी'पाशी गुण असतो, 'तू'पाशी दोष होतो आणि 'तो'पाशी मूर्खपणा. ते वाचले तेव्हा मला आजोबा आठवले. बाईंनी लाल शाईत वर 'फर्म' लिहून दिला होता आणि नातीने लिहिलेल्या निबंधात तोच शब्द योग्य होता. वही घरी नेली तेव्हा आजीने विचारले, काय गं चुकलं? मी सांगितले. आजी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तुझ्या बाईंना म्हणावं, मी पन्नास वर्षं संसार केलाय. पहिलाच शब्द बरोबर होता."